चार्ज : एका शब्दाचे ओझे

इंग्रजीतील काही शब्द आपल्या घरी पाहुणे म्हणून आले आणि घरचेच होऊन बसले. 'चार्ज' हा त्यांपैकी एक. सकाळी नातू विचारतो, 'आजोबा, मोबाइल चार्जला लावला का?' वर्तमानपत्र उघडावे तर एका बातमीत लाठीचार्ज, दुसरीत चार्जशीट आणि तिसरीत नव्या तहसीलदारांनी चार्ज घेतल्याचे वृत्त. दुकानात गेल्यावर ट्रान्सपोर्टवाला डिलिव्हरी चार्ज वेगळा सांगतो. पासबुकात सर्व्हिस चार्जची ओळ दिसते. करसल्लागाराचा निरोप येतो की या महिन्याचा रिव्हर्स चार्ज भरावयाचा राहिला आहे. आणि टेबलावर पडलेल्या कर्जाच्या मंजुरीपत्रात 'फर्स्ट चार्ज ऑन स्टॉक' असे शब्द असतात.

एका दिवसात, एकाच शब्दाचे आठ व्यवहार. बोलण्याच्या ओघात आपले फारसे अडत नाही, कारण संदर्भ अर्थ सांगून जातो. मोबाइलला कोणी आरोपपत्र देत नाही आणि तहसीलदारांना कोणी प्लगला लावीत नाही. परंतु व्यापारी कुटुंबाच्या आयुष्यात काही प्रसंग असे येतात की तेथे या शब्दाचा नेमका अर्थ माहीत असणे वा नसणे यावर दुकानाचा गाळा, घराचे दस्तऐवज आणि दोन भावांमधील सलोखा अवलंबून राहतो. बँकेच्या सेवेत अनेक वर्षे कर्जाचे कागद हाताळताना हे मी जवळून पाहिले. म्हणून या शब्दाचा हा थोडा विस्ताराने परामर्श.

गाडीवर लादलेला भार

शब्दाच्या अर्थांचे जंगल दिसले की प्रथम त्याचे मूळ शोधावे. लॅटिन भाषेत 'कारुस' म्हणजे चाकांची मालवाहू गाडी. त्यावरून पुढे 'कारिकारे' हे क्रियापद आले. त्याचा अर्थ गाडीवर माल लादणे. ते फ्रेंच भाषेतून इंग्रजीत गेले आणि 'चार्ज' झाले. म्हणजे चार्ज या शब्दाचा मूळ अर्थ एकच : भार घालणे, ओझे लादणे. 'कार' म्हणजे मोटार आणि 'कार्गो' म्हणजे जहाजावरील माल हे शब्दही याच घराण्यातले. व्यंगचित्राला इंग्रजीत 'कॅरिकेचर' म्हणतात, तेही येथूनच आले. एखाद्याचे नाक वा कान प्रमाणाबाहेर 'लादून' दाखविले की व्यंगचित्र होते.

हे मूळ हाती आले की सारे अर्थ एका माळेत ओवले जातात. माणसावर जबाबदारीचा भार घातला, तो चार्ज. त्याच्यावर दोषाचा भार ठेवला, तोही चार्ज. तोफेत दारूचा, बॅटरीत विजेचा, ग्राहकावर पैशाचा आणि मालमत्तेवर कर्जाचा भार घातला, ते सर्व चार्जच.

आश्चर्य असे की मराठीनेही हीच वाट स्वतंत्रपणे चोखाळलेली दिसते. संस्कृतातील 'भृ' म्हणजे वाहून नेणे, धारण करणे. इंग्रजीतील 'बेअर' आणि 'बर्डन' हे शब्द याच धातूचे दूरचे भाऊबंद आहेत. या 'भृ'पासून 'भार' आला आणि त्या भारातून आपण केवढा संसार उभा केला : पदभार, कार्यभार, प्रभारी, अधिभार, भारित खर्च, विद्युतभार. बँकेत पैसे भरतो तो 'भरणा'देखील याच कुळातला. जेथे जेथे इंग्रजीत चार्ज येतो, तेथे तेथे मराठीत बहुधा भार किंवा त्याचा सखा 'बोजा' उभा असतो. 'आरोप' या शब्दाचाही मूळ अर्थ वर चढविणे, ठेवणे असाच आहे. झाड मातीत ठेवले तर ते रोपण, दोष माणसावर ठेवला तर तो आरोप.

किल्ल्या आणि जबाबदारी

बँकेत शाखाधिकारी बदलला की 'चार्ज देणे-घेणे' हा एक विधीच असतो. रोकड मोजली जाते, तिजोरीच्या किल्ल्या सह्या घेऊन सुपूर्द होतात, दस्तऐवजांची नोंदवही पडताळली जाते आणि मग दोघांच्या सह्यांनिशी अहवाल वर जातो. सही होईपर्यंत भार जुन्या अधिकाऱ्यावर, सही होताच नव्यावर. मधला एक क्षणही भार जमिनीवर ठेवता येत नाही. पिता दुकानाची सूत्रे मुलाकडे सोपवितो, तेव्हाही खरे तर हाच विधी व्हावयास हवा. येणी किती, देणी किती, कोणत्या कागदावर कोणाची सही आहे, हे न सांगता दिलेली किल्ली म्हणजे अर्धाच चार्ज.

येथे इंग्रजीची एक गंमत लक्षात ठेवण्याजोगी आहे. 'इन चार्ज ऑफ' आणि 'इन द चार्ज ऑफ' या दोन प्रयोगांत केवळ एका 'द'चे अंतर आहे. पण अर्थ उलटा होतो. परिचारिका बाळाच्या 'इन चार्ज' असते, म्हणजे तिच्यावर बाळाची जबाबदारी. बाळ परिचारिकेच्या 'इन द चार्ज' असते, म्हणजे तिच्या स्वाधीन. पत्रव्यवहारात हा 'द' गळला तर रखवालदार मालक होतो आणि मालक रखवालीत जातो.

तोफेतून बॅटरीत

तोफेत वा बंदुकीत एका बारासाठी भरावयाची दारू म्हणजे चार्ज. हा अर्थ जुना. अठराव्या शतकात विजेचे प्रयोग सुरू झाले आणि १७४५-४६च्या सुमारास 'लायडन जार' नावाची काचेची बरणी तयार झाली. घर्षणाने निर्माण केलेली वीज या बरणीत साठविता येई आणि स्पर्श करताच एकदम बाहेर पडे. भरलेल्या बंदुकीशी तिचे साम्य सहज सुचण्यासारखे होते. अमेरिकेतील बेंजामिन फ्रँकलिन यांनी या विषयात 'चार्ज' हा शब्द रूढ केला आणि अशा अनेक बरण्या एकत्र जोडल्या तेव्हा तोफखान्यातलाच 'बॅटरी' हा शब्दही उचलला.

फ्रँकलिन हे मुद्रक आणि दुकानदार होते, ही गोष्ट व्यापारी वाचकांनी विसरू नये. वीज नव्याने निर्माण होत नाही, ती एका वस्तूतून दुसरीत जाते, एकीकडे जेवढी अधिक तेवढीच दुसरीकडे उणी, असा विचार त्यांनी मांडला आणि १७४७ साली त्यासाठी 'प्लस' आणि 'मायनस' हे शब्द योजले. ज्याने रोजकीर्द आणि खतावणी लिहिली आहे, त्याला हे समजावून सांगावे लागत नाही. एका खात्यात जमा, तर दुसऱ्यात नावे; बेरीज अखेर शून्य. आज आपल्या मोबाइलच्या बॅटरीवर '५००० मिलीअँपिअर-तास' असे लिहिलेले असते, ते त्यात साठणाऱ्या विद्युतभाराचेच माप आहे. गाडीवरचे ओझे अडीच शतकांत खिशात मावू लागले.

आरोप आणि निकाल

कायद्याच्या क्षेत्रात चार्ज म्हणजे दोषारोप. येथे एक गैरसमज सर्वत्र पसरलेला आहे. तपास संपल्यावर पोलीस न्यायालयात जो अहवाल सादर करतात, त्याला लोक चार्जशीट म्हणतात. पण आरोप निश्चित करण्याचा अधिकार न्यायालयाचा आहे. पोलिसांचा अहवाल पाहून न्यायाधीशांना आधार पुरेसा वाटला, तरच दोषारोप ठेवला जातो. नाही तर आरोपी त्या टप्प्यावरच 'डिस्चार्ज', म्हणजे दोषमुक्त होतो. दोषारोप ठेवल्यानंतरही साक्षीपुरावा व्हावयाचा असतो. तेव्हा एखाद्या व्यापाऱ्याच्या नावे चार्जशीट दाखल झाली, एवढ्या बातमीवर त्याच्याशी सोयरीक मोडणे किंवा त्याची उधारी बंद करणे म्हणजे निकालाआधीच शिक्षा देणे होय. त्याच्यावर भार ठेवण्याची मागणी झाली आहे, तो भार खरा आहे असे अद्याप कोणी म्हटलेले नाही.

न्यायालयात या शब्दाचा आणखी एक अर्थ होता, तो आता आपल्याकडे लुप्त झाला आहे. ज्यूरीसमोर खटला चाले, तेव्हा सुनावणी संपल्यावर न्यायाधीश ज्यूरीला कायदा आणि पुरावा समजावून सांगत. त्या भाषणालाही 'चार्ज' म्हणत. १९५९ साली मुंबईत गाजलेल्या नानावटी खटल्यात ज्यूरीने आठ विरुद्ध एक मतांनी आरोपीस निर्दोष ठरविले. परंतु न्यायाधीशांनी हा निर्णय न स्वीकारता प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठविले. उच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द ठरविला, त्यामागे ज्यूरीला केलेल्या मार्गदर्शनातील, म्हणजे या 'चार्ज'मधील, चुका हे एक महत्त्वाचे कारण होते. पुढे १९६१ साली सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा कायम केली. शब्द नेमके न सांगितल्यामुळे निर्णय उलटतो, याचे हे मोठे उदाहरण.

एका संदिग्ध शब्दाचे मोल

चार्जचा पुढचा अर्थ हल्ला. भाला रोखून, घोड्याचे आणि स्वाराचे सारे वजन त्यामागे घालून शत्रूवर तुटून पडणे म्हणजे चार्ज. आपला लाठीचार्ज येथूनच आला. इतिहासात सर्वाधिक प्रसिद्धी मिळालेला असा हल्ला २५ ऑक्टोबर १८५४ रोजी क्रिमियातील बालाक्लावा येथे झाला. इंग्रज सेनापतीने उंचावरून आज्ञा पाठविली की घोडदळाने पुढे जाऊन तोफा शत्रूला नेऊ देऊ नयेत. सेनापतीला टेकडीवरच्या तोफा दिसत होत्या. खाली दरीत असलेल्या घोडदळाच्या अधिकाऱ्यांना त्या दिसत नव्हत्या. त्यांना समोर, दरीच्या टोकाशी, रशियन तोफखाना तेवढा दिसत होता. 'तोफा' म्हणजे कोणत्या, हे कोणी स्पष्ट करून घेतले नाही. सुमारे ६७० स्वार तोफांच्या तोंडावर धावून गेले आणि त्यांतील शंभराहून अधिक मारले गेले.

कवींनी त्या शौर्याचे गुणगान केले. आपण मात्र त्यातील व्यवहार ध्यानी घ्यावा. आज्ञा देणारा एका ठिकाणी उभा असतो, घेणारा दुसऱ्या. दोघांना दिसणारे दृश्य वेगळे असते. शब्द मात्र एकच. कर्जाच्या करारातही बँक टेकडीवर आणि कर्जदार दरीत असतो. 'चार्ज' हा शब्द दोघांनाही दिसतो, पण बँकेला त्यातून एक वस्तू दिसते आणि कर्जदाराला भलतीच.

शुल्क, खर्च आणि कर

कर्जदाराला जी वस्तू दिसते ती म्हणजे शुल्क. हा अर्थ आपल्या सर्वाधिक परिचयाचा. तरीही त्यात बारकावे आहेत आणि ते हिशेबात उतरतात.

हिशेबशास्त्रात 'नफ्यावरील भार' आणि 'नफ्याची वाटणी' असा भेद शिकवितात. दुकानाचे भाडे, नोकरांचा पगार, यंत्रावरील घसारा हे नफ्यावरील भार, म्हणजे चार्ज. नफा होवो अथवा तोटा, ते खर्ची टाकावेच लागतात. लाभांश किंवा राखीव निधी ही वाटणी. नफा झाला तरच तिचा प्रश्न येतो. भागीदारीच्या कुटुंबांत हा भेद वादाचे मूळ ठरतो. भागीदाराने पेढीला दिलेल्या कर्जावरील व्याज हा भार आहे, म्हणून तोट्याच्या वर्षीही ते देय असते. भांडवलावरील व्याज सामान्यतः वाटणीत मोडते, म्हणून नफा नसेल तर ते मिळत नाही. भागीदारीपत्रात मजकूर वेगळा असेल तर तो लागू. दोन भाऊ 'माझ्या पैशाचे व्याज' एवढेच म्हणत राहतात आणि तो पैसा कर्ज की भांडवल हे लिहून ठेवलेले नसते. मग दिवाळीच्या वहीपूजनानंतर बोलणे कडू होते.

वस्तू व सेवा करातील 'रिव्हर्स चार्ज' म्हणजे भाराची दिशा उलटविणे. एरवी कर विकणारा गोळा करून भरतो. काही ठरावीक बाबतीत, उदाहरणार्थ माल वाहतूक संस्थेची सेवा किंवा वकिलांची सेवा, तो भार कायद्याने घेणाऱ्यावर टाकलेला आहे. १९६१च्या आयकर कायद्याच्या चौथ्या कलमाचे नावच 'चार्ज ऑफ इन्कम-टॅक्स' असे होते. तेथे चार्ज म्हणजे फी नव्हे. कराचा भार नागरिकावर ठेवण्याची मूळ आज्ञा. आपल्या संविधानातही हा शब्द आहे. राष्ट्रपतींचे वेतन, सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांचे वेतन, सरकारी कर्जावरील व्याज हा खर्च संचित निधीवर 'चार्ज्ड', म्हणजे भारित असतो. त्यावर संसदेत चर्चा होऊ शकते, मतदान मात्र होत नाही. महाराष्ट्राच्या अर्थसंकल्पात 'दत्तमत' आणि 'भारित' असे दोन रकाने असतात, त्याचे कारण हेच.

दंडाच्या बाबतीतही रिझर्व्ह बँकेने शब्द नेमका केला आहे. १८ ऑगस्ट २०२३च्या सूचनेनुसार कराराच्या अटी मोडल्याबद्दलचा दंड बँकांनी 'पीनल इंटरेस्ट' म्हणून व्याजदरात मिसळावयाचा नाही. तो 'पीनल चार्ज' म्हणून वेगळा दाखवावयाचा आणि त्या दंडावर पुन्हा व्याज चढवावयाचे नाही. नव्या कर्जांना हा नियम १ एप्रिल २०२४पासून लागू झाला. व्याज आणि चार्ज हे दोन शब्द वेगळे केले गेले आणि कर्जदारावरील चक्रवाढीचा एक फेरा थांबला.

मालमत्तेवरील बोजा

आता त्या मंजुरीपत्राकडे येऊ. मी सेवेत असताना धान्याचे एक घाऊक व्यापारी मुलासह कॅश क्रेडिटची कागदपत्रे करावयास आले होते. मुलगा पदवीधर, इंग्रजी उत्तम. त्याने पत्र वाचून वडिलांना सांगितले, 'प्रोसेसिंग चार्ज आहे, इन्स्पेक्शन चार्ज आहे आणि हा स्टॉकवर पहिला चार्ज आहे.' शेठजींनी मान डोलावली आणि मला म्हणाले, 'साहेब, पहिला चार्ज समजला. दुसरा कधी कापणार, तेही लिहून द्या, म्हणजे पुढे घासाघीस नको.'

मी म्हटले, 'शेठजी, पहिले दोन चार्ज पैशाचे आहेत. तिसऱ्यात पैसा कापायचा नाही. तो तुमच्या मालावर बोजा आहे.' शेतजमिनीच्या सातबाऱ्यावर 'इतर हक्क' या रकान्यात बँकेचा बोजा चढतो, हे त्यांना ठाऊक होते. बोजा म्हणताच त्यांचा चेहरा बदलला. त्यांनी चष्मा काढून ठेवला, कागद घडी करून खिशात घातला आणि म्हणाले, 'मग आज सही नको. रात्री घरी वाचतो, उद्या येतो.' दुसऱ्या दिवशी ते पाच प्रश्न लिहून घेऊन आले. उत्तरे ऐकली आणि मग सही केली. त्या शाखेतील माझ्या काळात इतक्या समजून-उमजून झालेल्या सह्या मी मोजक्याच पाहिल्या.

बोजा म्हणजे काय ? कर्ज फिटले नाही तर त्या विशिष्ट मालमत्तेतून आपले पैसे वसूल करून घेण्याचा धनकोला मिळालेला हक्क. १८८२च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या शंभराव्या कलमात त्याची व्याख्या आहे. गहाणात मालमत्तेतील काही हितसंबंध धनकोकडे जातात; साध्या बोजात ते जात नाहीत, केवळ वसुलीचा हक्क त्या मालमत्तेला चिकटतो. सोने बँकेच्या तिजोरीत ठेवले तर ते ताबेगहाण. दुकानातील माल आपल्याच ताब्यात राहिला आणि बँकेचा हक्क मात्र त्यावर आला, तर ते नजरगहाण. मूळ दस्तऐवज बँकेत ठेवून केलेले स्थावराचे गहाण हा तिसरा प्रकार.

'पहिला' आणि 'दुसरा' याचा अर्थ रांगेतील क्रम. समजा, मालावर एका बँकेचा ४० लाखांचा पहिला बोजा आहे आणि दुसरीचा २० लाखांचा दुसरा. माल विकून ४५ लाख आले, तर पहिली बँक आपले ४० लाख पूर्ण घेईल, दुसरीला ५ लाख मिळतील. दोघींचा बोजा 'परी पासू', म्हणजे समान पायरीवरचा असेल, तर तेच ४५ लाख ३० आणि १५ असे विभागले जातील. म्हणून दुसऱ्या संस्थेकडून कर्ज घेण्यापूर्वी पहिलीची लेखी संमती लागते.

यंत्र किंवा गाळा यावरील बोजा स्थिर असतो. दुकानातील माल रोज बदलतो. सकाळी असलेले पोते संध्याकाळी ग्राहकाच्या घरी पोहोचते. मग बोजा कशावर ? यावर इंग्लंडच्या न्यायालयांनी एकोणिसाव्या शतकात 'फ्लोटिंग चार्ज', म्हणजे तरता बोजा मान्य केला. व्यवहार सुरळीत असेतो कंपनीने माल खुशाल विकावा. संकट येताच तो बोजा त्या क्षणी असलेल्या मालावर गोठून स्थिर होतो.

या तरत्या बोजाची ताकद एका कौटुंबिक पेढीच्या खटल्यातून जगाला कळली. लंडनमधील ॲरन सॉलोमन हे बुटांचे कारखानदार. त्यांनी १८९२ साली आपल्या धंद्याची कंपनी केली. सात सभासद : ते स्वतः, पत्नी आणि पाच मुले. धंद्याच्या किमतीपैकी १०,००० पौंडांचे कर्जरोखे त्यांनी कंपनीकडून आपल्याच नावे घेतले आणि त्यांना कंपनीच्या मालमत्तेवर तरत्या बोजाचे संरक्षण होते. पुढे कंपनी बुडाली. उधारीवर माल देणाऱ्या व्यापाऱ्यांचा दावा होता की कंपनी म्हणजे सॉलोमनच. हाउस ऑफ लॉर्ड्सने ते मानले नाही. कंपनी ही वेगळी व्यक्ती आणि बोजा असलेला धनको रांगेत आधी, असा निर्णय झाला. विनातारण उधारी देणाऱ्यांच्या हाती काही पडले नाही.

त्या उधारी देणाऱ्यांच्या जागी आपण स्वतःला ठेवून पाहावे. आपण कंपन्यांना तीस-साठ दिवसांच्या उधारीवर माल देतो. समोरच्या गोदामातील माल पाहून निर्धास्त होतो. त्या मालावर आधीच कोणाचा बोजा आहे, हे पाहत नाही. २०१३च्या कंपनी कायद्याच्या कलम ७७नुसार कंपनीने आपल्या मालमत्तेवरील बोजा तीस दिवसांच्या आत निबंधकाकडे नोंदवावयाचा असतो. ही नोंद कोणासही तपासता येते. मोठी उधारी देण्यापूर्वी ती पाहणे म्हणजे गाडीत आपला माल चढविण्याआधी तिच्यावर किती ओझे आहे हे पाहणे.

ओझे उतरविणे

चार्जच्या उलट 'डिस्चार्ज'. रुग्णालयातून घरी सोडतात तो डिस्चार्ज. बॅटरी उतरते तो डिस्चार्ज. मुदत ठेवीची पावती परत देताना मागील बाजूस सही घेतात, तोही डिस्चार्ज. सर्वत्र अर्थ एकच : भार उतरला. मात्र मालमत्तेवरील भार कर्जाचा शेवटचा हप्ता भरल्याने आपोआप सर्व दप्तरांतून उतरत नाही. तो नोंदीतून उतरवून घ्यावा लागतो.

एका कुटुंबाचे उदाहरण आठवते. वडिलांनी दुकानाच्या गाळ्यावरील कर्ज पूर्ण फेडले, पत्र घेतले आणि समाधानाने घरी आले. पुढे त्यांचे निधन झाले. काही वर्षांनी दोन भावांनी वाटणीसाठी गाळा विकावयास काढला. घेणाऱ्याच्या वकिलांनी नोंदी पाहिल्या, तर बोजा जागच्या जागी. वडिलांनी ठेवलेले पत्र सापडेना. मधल्या काळात ती शाखाच दुसऱ्या शाखेत विलीन झालेली. कर्ज फिटले होते याबद्दल कोणाला शंका नव्हती, पण सौदा कित्येक महिने अडला. आणि त्या महिन्यांत धाकट्याला वाटू लागले की थोरल्याने काही लपविले आहे. कागदावर राहिलेले ओझे असे मनावर चढते.

आज कायदा कर्जदाराच्या बाजूने अधिक स्पष्ट आहे. रिझर्व्ह बँकेच्या १३ सप्टेंबर २०२३च्या निर्देशानुसार वैयक्तिक कर्ज पूर्ण फिटल्यापासून तीस दिवसांत बँकेने मूळ दस्तऐवज परत करावयाचे आणि नोंदविलेला बोजाही काढावयाचा. बँकेमुळे विलंब झाला तर दर दिवसास ५,००० रुपये भरपाई द्यावी लागते. १ डिसेंबर २०२३ आणि त्यानंतर दस्तऐवज परत देय होणाऱ्या प्रकरणांना हे लागू आहे. गृहकर्जासारखी कर्जे यात येतात. धंद्याच्या कर्जाबाबत मात्र स्वतः पाठपुरावा करणे श्रेयस्कर. कंपनी असेल तर कर्ज फिटल्यावर बोजापूर्तीची सूचना निबंधकाकडे तीस दिवसांत द्यावयाची असते. २०११पासून कार्यरत असलेल्या 'सरसाई' या केंद्रीय नोंदवहीत बँका आपले हक्क नोंदवितात. तेथील नोंद बंद झाल्याचे बँकेकडून लेखी घ्यावे. शेतजमीन असेल तर तलाठी कार्यालयात बँकेचे पत्र देऊन सातबाऱ्यावरील बोजा कमी करून घ्यावा आणि नवा उतारा हाती आल्यावरच काम झाले असे मानावे.

घरातील जाणत्यांना एक सुचवावेसे वाटते. येत्या पाडव्याला नव्या वहीसोबत एक वेगळी वहीही उघडावी. तिच्या डाव्या पानावर प्रत्येक मालमत्तेचे नाव, तिच्यावर कोणाचा, किती रकमेचा आणि कितवा बोजा आहे ते लिहावे. कोणासाठी जामीन राहिलो आहोत, तेही लिहावे. जामिनकी हादेखील भारच आहे. उजव्या पानावर तो उतरल्याची तारीख आणि पुराव्याचा कागद कोठे ठेवला आहे ते नोंदवावे. ही वही मुलांना आणि सुनांनाही दाखवावी. आपल्यामागे मालमत्ता किती ठेवली हे सर्व जण सांगतात. तिच्यावर भार किती ठेवला हे सांगणारे थोडे.

आणि बँकेतला तरुण अधिकारी बोटाने जागा दाखवून 'येथे सही करा' म्हणाला, तर घाई न करता त्याला विचारावे, 'यातला चार्ज म्हणजे शुल्क की बोजा ?' प्रश्न साधा आहे. उत्तर सरळ मिळाले तर लेखणी उचलावी. नाही तर त्या धान्याच्या व्यापाऱ्यांप्रमाणे कागद घडी करून रात्रीपुरता घरी आणावा.